नव्वद दिवसांनी शिळं

लोर्ना वोपाटने ऑर्ड गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढली. दर गुरुवारी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल. शाळेने तयार डबे मागवायला सुरुवात केली, तेव्हा ते काम गेलं आणि एक्कावन्नाव्या वर्षी ती ट्रक चालवायला शिकली. फेब्रुवारीत जड वाहनाचं लायसन्स मिळालं आणि त्याच आठवड्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं. चार महिने घरातच गेले.

जूनमध्ये तिने ट्रक कंपन्यांना फोन सुरू केले. निम्म्या कंपन्यांना दोन वर्षांचा अनुभव हवा होता. नवशिक्यांना घेणाऱ्या कंपन्या ट्रक शिकल्याच्या सर्टिफिकेटची तारीख विचारायच्या. नव्वद दिवस उलटले की ते शिळं. पुन्हा ड्रायव्हिंगच्या शाळेत जा.

"पाव कधी शिळा होतो ते मला कळतं," ती भरती करणाऱ्या एका मुलीला म्हणाली. "यात नेमकं काय शिळं होतं, तेवढं सांगा."

"विचारून सांगते हं," मुलगी म्हणाली. तिचा फोन आला नाही.

सात नकारांनंतर धान्यवाहतुकीचे ट्रक असलेला ड्वेन ह्रुस्का म्हणाला, "ये, बघू. माझ्या हमीवर विमावाला तुझा विमा काढायला तयार होईल. पण हमी मी उगाच देत नाही."

परीक्षा सुरू झाली ती गाडीच्या तपासणीने. ड्रायव्हिंगच्या शाळेत ती पाठ करून घेतात: एकेका भागाला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं. लोर्नाने ती चार महिने घरच्या फ्रिजभोवती फिरत घोकली होती.

"तडा नाही, वाक नाही, सैल नाही..."

"प्रार्थना संपली की सांगा, आम्ही आमेन म्हणू," जुना ड्रायव्हर मार्व्ह कॉफी पीत म्हणाला.

ट्रेलरच्या ब्रेकला हवा नेणाऱ्या नळीच्या जोडावर तिने हात ठेवला. "तडा नाही, गळती नाही."

"थांब," ड्वेन म्हणाला. "आतलं रबरी वायसर?"

"आहे," म्हणत तिने वाकून पाहिलं. नव्हतं. ड्वेनने मूठ उघडली. वायसर त्याच्याकडे होतं.

"काल पास झालेली पोरंही हेच करतात. तोंड चालतं, डोळे नाहीत."

लोर्नाचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "पहिल्यापासून करू?"

"कर. ट्रक कुठे पळून जात नाही."

या वेळी ती एक शब्द बोलली नाही. पन्नास मिनिटं लागली. शेवटी ट्रेलरखालून तिचा आवाज आला, "ड्वेन, हा स्प्रिंगचा पाटाही तुम्हीच मोडलात का?"

ड्वेन पाठीवर सरपटत आत गेला. पाट्याला आरपार चीर होती. बाहेर येऊन त्याने हाक मारली.

"मार्व्ह, काल हा ट्रेलर कोणी आणला?"

"मी."

"तपासला होतास?"

"तोंडाने," मार्व्ह म्हणाला.

ट्रेलर दुरुस्तीला गेला. चालवण्याची परीक्षा दोन दिवसांनी दुसऱ्या गाडीवर झाली. लोर्नाचा गिअर दोनदा अडला, ड्वेनने तेही हमीच्या कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. पहिले सहा आठवडे मार्व्ह तिच्या शेजारी बसेल, असं ठरलं. लोर्नाने एकच अट घातली: तपासणी चालू असताना त्याने बोलायचं नाही.