ऐनवेळचा विषय

आमच्या कमळाकाकीला हळू बोलताच येत नाही. ती कानात काही सांगायला लागली की शेजारच्या विंझर गावापर्यंत ऐकू जातं, असं बाबा म्हणतात. मागच्या निवडणुकीत ती ग्रामपंचायतीवर निवडून आली, आणि तेव्हापासून आमच्या वाडीतला एकही गळका नळ लपून राहिलेला नाही.

मी पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. थेसिसचा विषय सोमवारपर्यंत मंजूर झाला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं. भोरचा एसटी स्टँड नेऊन झाला, तोरण्याच्या पायथ्याचं ट्रेकर्सचं निवास झालं, धनगरवाड्यावरची शाळा झाली. आमच्या मॅडम चित्रं बघायच्या आणि विचारायच्या, "छान. पण हे मागितलंय कुणी?" डोकंच फिरायचं माझं. आर्किटेक्टकडे कोण काय मागायला येतंय, साखर मागायला आल्यासारखं?

शनिवारी घरी आले आणि काकीपुढं रडले. विषय मंजूरच होत नाही गं, म्हटलं. काकीनं पाठीत धपाटा घातला. यवढंच ना, म्हणाली, उद्या ग्रामसभाच हाये. मला वाटलं, जरा मन रमवायला नेतेय.

देवळाच्या मंडपात सभा भरली. पाणी झालं, रस्ता झाला, दिवाबत्ती झाली. मग ग्रामसेवकांनी गंभीर चेहऱ्यानं वाचलं: ऐनवेळचे विषय. कुमारी प्रगती हिचा विषय मंजूर करणे. सूचक कमळाबाई, अनुमोदक अंबूबाई. अगं आई गं! मी खांबामागं लपले. पण सगळे हात वर गेले, वर टाळ्याही पडल्या. त्यानंतर सरपंच बाजीआप्पांच्या ध्यानात आलं, की मंजूर तर केला, पण विषय आहे काय?

मग काय विचारता! पप्पूला व्यायामशाळा पाहिजे होती. सिद्धनाथला शेळ्यांसाठी दुमजली गोठा पाहिजे होता. शेळ्या जिना चढतात की नाही यावर दोन गट पडले. मला हसू आवरेना. आप्पांनी पुढं बोलावलं तशी मी तोंडावर ओढणी धरून गेले आणि सभेकडं वळले.

पुरुष सगळे बसलेले होते आणि बायका सगळ्या मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. काकीसुद्धा. सदस्यांच्या रांगेत तिची खुर्ची होती, तिच्यावर कुणाची तरी टोपी ठेवली होती.

"काकी, तू बस की," मी म्हणाले.

"आप्पा सासरं लागत्यात माजं. त्येंच्या म्होरं खुर्चीवर कशी बसू?" आणि जरा चिडूनच पुढं म्हणाली, "म्हून तर बायका सही करून पळत्यात. पाय लई दुकत्यात."

म्हणजे निवडून आल्यापासून माझी काकी प्रत्येक सभा उभ्यानं करत होती. असा संताप आला मला, की डोळे भरून आले. भर सभेत सांगून टाकलं, माझा विषय हाच. बायकांना बसता येईल असं सभागृह.

बाजीआप्पा उठले. आता माझी खैर नाही, असं वाटलं. पण त्यांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि सभेकडं पाठ करून बसले.

"बसा गं समद्या आता," ते भिंतीला म्हणाले. "आन पोरी, आसं कायतरी बांध, की मला दर टायमाला भिंतीकडं तोंड कराया लागू नये."

बायका ज्या हसत सुटल्या! काकी ती टोपी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली. पुढची अर्धी सभा सरपंचांनी भिंतीशीच बोलून चालवली.

सोमवारी मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, आमच्या काकीनं मागितलंय, ठराव झालाय. आणि सगळी हकिकत सांगितली. मॅडमना हसू थांबवेना. हसता हसताच त्यांनी सही केली.

लगेच काकीला फोन लावला. तिकडून आनंदाची अशी आरोळी आली, की मी मोबाईल कानापासून लांब धरला. मग तिनं विचारलं, "म्याडम सही करताना बसल्या हुत्या का?"

"हो."

"आन त्येंच्या वरचं सायेब म्होरं आसलं तर?"

"तरीही बसतात, काकी."

"मंग हुतंय म्हण की," ती म्हणाली.