मांडीचं वाक्य

बागेत माझ्याच बाकावर बसलेल्या एक काकू मोबाइलला सांगत होत्या, "मांडी घालून बसता येत नाही, उपाय." मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हा दवाखाना सगळ्यात वर आलाय. म्हणजे चांगलाच असणार."

तो वर मी आणलाय. माझा धंदाच तो. माणसं आपलं दुखणं कोणत्या शब्दांत शोधतात ते हेरायचं, तेच शब्द वेबसाइटवर पेरायचे, इकडच्या तिकडच्या पानांवरून तिच्या लिंक द्यायला लावायच्या, की शोधात ती वर चढते. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी पाहिलेलंही नाही. 'गुडघेदुखी' सगळेच लिहितात. मांडीचं वाक्य मात्र माझ्या आईचं. पंगतीत खुर्ची मागताना ती ओशाळून म्हणते. मी तेच गळाला लावलं.

आपलं दुखणं आपल्याच शब्दांत समोर आलं की माणूस विश्वास टाकतो. ते शब्द तिथे कुणी ठेवले, हे कोण विचारतं?

काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "तुम्हाला माहितीये का हो हा दवाखाना?"

"नाव ऐकलंय," मी म्हणालो.

"बघा, यांनीसुद्धा ऐकलंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला.