पुस्तकांच्या खोलीत आबांना ऐकू आलं

आधीच सांगते, भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं... यातलं काही मी कधीच मानलं नाही. माहेरी बारामतीला वडील शिक्षक, असल्या गोष्टींना घरात थाराच नव्हता. तरी हे लिहितेय, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

साल चोपन्न-पंचावन्न असेल. इंदापुरात आमचं नवं घर झालं होतं. आमचे हे वकील, आणि गाण्याचे भारी शौकीन. पुण्याहून जुना, चावीचा ग्रामोफोन आणला आणि बाहेरची खोली खास त्यासाठी राखली. पण दगडी भिंती, शहाबादी फरशी, वर पत्रा... गाणारा विहिरीत उतरून गातोय असं वाटायचं! यांनी जाजम अंथरलं, खिडक्यांना गोधड्या टांगल्या. फरक पडेना.

मी म्हटलं, "आमच्या बारामतीला पुस्तकांच्या खोलीत आवाज कसा मऊ लागतो. तुमची पुस्तकं पेटाऱ्यात कशाला कुजवताय? भिंतीला लावून तर बघा."

सुताराकडून दोन भिंतींना वरपर्यंत फळ्या मारून घेतल्या. कायद्याचे जाड ग्रंथ, पोथ्या, जुने दिवाळी अंक — हाताला येईल तसं लावलं, काही पुढे, काही मागे. रेकॉर्ड लावली तर काय... घुमणं गेलं! तंबोऱ्याची तार न् तार वेगळी. हे इतके खूश, की म्हणाले, "आता वकिली तू कर, मी स्वयंपाक बघतो."

खरी गोष्ट पुढेच आहे.

माझे सासरे, आबा, ठार बहिरे होते. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी तापात कान गेलेले. एके काळी भजनात मृदंग वाजवणारा माणूस, पण आता त्यांना काही सांगायचं तर पाटीवर लिहून. एका दुपारी ते त्या खोलीत ग्रामोफोनकडे पाठ करून सुपारी कातरत बसले होते. रेकॉर्ड चालू होती. यांनी मध्येच सुई उचलली.

"बंद का केलंस रं?" आबा म्हणाले.

यांनी सुई परत ठेवली. आबांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली... सम अगदी बरोबर! मी त्यांच्या मागूनच, हळू आवाजात म्हटलं, "आबा, चहा टाकू?"

ते वळले. "सूनबाई... तू बोललीस?"

"हो, आबा."

"आजवर नुसतं ओठ हालताना बघत हुतो गं. असा हाय व्हय तुझा आवाज!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आबा हसत होते.

उंबरठ्याबाहेर मात्र पुन्हा काही नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं — दोन्ही कान पूर्ण गेलेले. यांनी खोलीचं सांगितलं, तर म्हणाले, "वकीलसाहेब, चेष्टा करता काय?" पुढे चुना द्यायला पुस्तकं काढली, तेव्हा त्या खोलीतही आबांना ऐकू येईना. चेहरा इतका कावराबावरा झाला त्यांचा, की यांनी भिंती ओल्या असतानाच पुस्तकं परत लावली. तेव्हा कुठे आबांना ऐकू यायला लागलं.

पुस्तकांनी आवाज सुधारतो, कबूल. पण गेलेला कान? कुणी म्हणतं, हादरे अंगाला जाणवत असतील. मग माझं बोलणं कसं कळलं? मला आजही उत्तर सापडलेलं नाही.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. माहेरून तिला घेऊन परतले आणि त्या खोलीत आबांसमोर बसले, तर तिनं भोकाड पसरलं. मी घाईनं तिला बाहेर न्यायला उठले. आबा दारातच आडवे उभे राहिले.

"न्हाय, न्हाय... बस हितंच. रडू दे गं तिला. जरा रडू दे."