व्हॅनमावशीचं इंजिन

तिला सगळे व्हॅनमावशी म्हणायचे. एकवीस वर्षं तिने शाळेच्या मुलांची ने-आण केली, तीही एकाच डिझेल व्हॅनमधून. गेल्या वर्षी सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, इंजिन ऑइल पिऊ लागलं. पिस्टनच्या रिंगा गेल्यात हे सांगायला तिला मिस्त्री लागला नाही.

ते इंजिन बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. चार महिने तिने स्पेअर पार्टच्या दुकानांत खेटे घातले. "मावशी, आता विसरा," हेच सगळीकडे. शेवटी एका भंगारवाल्याशी हुज्जत घालताना तिला कळलं, की हेच इंजिन एकेकाळी जनरेटरलाही बसवायचे. मग तिने जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या फिटरचा पिच्छा पुरवला. त्याच्या माळ्यावर रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, सगळं कंपनीच्या कागदात गुंडाळलेलं निघालं.

शाळेला सुट्टी लागली तसं तिने व्हॅन गॅरेजला लावली, ते सगळं सामान भरलेलं खोकं गॅरेजवाल्याच्या हातात ठेवलं, काय करायचं ते दोनदा सांगितलं आणि आठ दिवस बहिणीकडे गेली.

परत आली तेव्हा व्हॅन धुऊन-पुसून उभी. तिने किल्ली फिरवली. आवाज भलताच मऊ. ती उतरली, ड्रायव्हरची सीट उचलली. खाली दुसरंच इंजिन.

"अपघातातल्या गाडीचं आहे, ताई. फारसं चाललेलं नाही. पिकअप तर बघा," गॅरेजवाला म्हणाला.

"मी रिंगा बदलायला सांगितल्या होत्या."

"त्या जुन्यात काय दम उरलाय? आणि तुमच्या मुलाला विचारूनच केलं सगळं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्लचवरून पाय हळू कसा सोडायचा हे ज्याला तिने शिकवलं, त्याला विचारून. तिने तिथूनच मुलाला फोन लावला.

"तुला त्रास नको म्हणून हो म्हटलं, आई. चांगलं इंजिन हातचं जात होतं."

"मला फोन करता आला नाही?"

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणजे माहीत होतं तुला."

तिने फोन ठेवला.

जुनं इंजिन गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली पडलं होतं, भंगारात जायच्या तयारीत. तिचं खोकं त्याच्यावरच ठेवलेलं, चिकटपट्टीसुद्धा न काढता. ती चिकटपट्टी बघून तिचा आवाज एकदम खाली आला.

"हे नवं काढा. माझं परत बसवा."

"असलं उलटं काम आम्ही करत नाही. माणसंही मोकळी नाहीत."

"गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"मग माणसं मी आणते. जागा तुमची, इंजिन उचलायची चेनपुली तुमची. मध्ये कोणी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती त्या म्हाताऱ्या फिटरला घेऊन आली. त्याने इंजिन उघडलं, सिलिंडरमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे टाकून द्यायला निघाले होते?" पाच दिवस काम चाललं. ती पाने हातात देत होती, नट डिझेलमध्ये धूत होती, आणि गॅरेजवाला समोरून गेला की पुटपुटत होती. काय ते फिटरला ऐकू येत असावं, कारण तो मान न वळवता हसायचा.

शेवटच्या दिवशी मुलगा आला. इंजिन सुरू झालं, धूर नव्हता. तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला.

"पण आई, हे अजून किती वर्षं चालणार?"

"मला काय माहीत? चार चालेल, नाहीतर एक. ते मी ठरवणार होते."

"चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली आणि व्हॅन काढली.

चढावर व्हॅन अजूनही आधीसारखीच कण्हते. मायलेक बोलतात, जेवतात, पण गाडीचा विषय निघाला की ती उठून जाते. आणि गॅरेजवाला? व्हॅनचे ब्रेक-पॅड आलेत, हे सांगायला त्याने परवा फोन केला तो मुलालाच.