फनू रेत्नो आणि एका शब्दाचं भांडण

ती खुर्चीवर बसायचीच नाही. अमेरिकेत अर्विंगच्या आमच्या ऑफिसात प्रत्येकाला चाकांची, पाठ टेकायची चांगली खुर्ची मिळाली होती. रेत्नोच्या खुर्चीवर तिची पर्स बसायची. ती स्वतः उभी राहून स्क्रीनवरचं पुटपुटत वाचायची, मग खिडकीपर्यंत चालत जायची, परत यायची, पुन्हा तेच वाक्य वाचायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंची पाठ दुखत असावी. विचारलं तर म्हणाली, "पाठ ठीक आहे गं. बसलं की मला सगळं खरं वाटायला लागतं."

आमचं काम असं होतं. एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीचं कंत्राट आमच्या लहानशा कंपनीकडे होतं. लोकांनी तक्रार केलेल्या पोस्टी आमच्यासमोर यायच्या. ठेवायची की काढायची, ते आम्ही ठरवायचं. मजल्यावर वीसेक भाषा होत्या. मी मराठी आणि हिंदी बघत होते, पलीकडच्या टेबलावर रेत्नो इंडोनेशियन बघायची. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा. सेमारांगची, म्हणजे जावा बेटावरची. तिकडे पुष्कळांना एकच नाव असतं, आडनाव नसतंच. अमेरिकेतल्या फॉर्मला ते चालत नाही, म्हणून तिच्या कागदपत्रांवर पहिल्या नावाच्या रकान्यात 'एफएनयू' आलं होतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. तेच बिल्ल्यावर छापलं गेलं. आमचा मॅनेजर ब्रायन, मनाने भला माणूस, तिला पहिल्या दिवसापासून "गुड मॉर्निंग, फनू" म्हणत होता. दुसऱ्यांच्या शब्दांसाठी भांडणारी ही बाई स्वतःच्या नावाबद्दल मात्र काही बोलली नाही. "असू दे," म्हणायची. "माहीत नाही ते माहीत नाही असं लिहिलेला या ऑफिसातला एवढा एकच कागद आहे."

रेत्नो म्हणजे आपलं रत्न, हे तिनेच मला सांगितलं. त्यावरून आमचा खेळ सुरू झाला. डबा खाताना ती एक शब्द टाकायची आणि तो मी ओळखायचा. भाषा तिकडे 'बाहासा', स्वर 'सुआरा', स्वामी 'सुआमी' होऊन नवरा झालेला. एकदा म्हणाली, "आमच्याकडे 'चिंता' म्हणजे प्रेम."

"आमच्याकडे चिंता म्हणजे काळजी," मी म्हटलं.

"मग वेगळं काय सांगितलंस?"

मी तिला म्बाक म्हणायला लागले, म्हणजे जावानीजमध्ये ताई. ती मला दिक म्हणायची, धाकटं भावंड. बोलणं सगळं इंग्रजीतच, पण या दोन हाका तेवढ्या घरच्या.

तिचं एक वाक्य मला पाठ झालं होतं: "शब्द कोणाच्या तोंडून आला ते आधी विचार, अर्थ नंतर." नवीन कोणी कामावर आलं की ती बेडकांच्या पिल्लांची गोष्ट सांगायची. तिकडे एका निवडणुकीत एका बाजूचे लोक दुसऱ्यांना 'चेबोंग' म्हणायचे, म्हणजे बेडकाचं पिल्लू, आणि ते उलट यांना 'कांप्रेत' म्हणायचे, म्हणजे वटवाघूळ. सख्खे भाऊ एकमेकांना असं लिहायचे. तिच्या स्वतःच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाने तिला पिल्लू म्हटलं आणि ती ग्रुप सोडून बाहेर पडली. मग निवडणूक संपली, दोन्हीकडचे पुढारी मांडीला मांडी लावून बसले आणि तो शब्द शिळा झाला. नेमका तेव्हा तो आमच्या बंदीच्या यादीत आला. पहिला बळी कोण? एक जीवशास्त्राचे मास्तर! त्यांनी वर्गासाठी बेडकाच्या वाढीचं चित्र टाकलं होतं. रेत्नो खिडकी ते टेबल फेऱ्या मारत हसत होती आणि हसता हसता म्हणाली, "भावाशी मात्र अजून बोलत नाही मी. शब्द मेला, भांडण जिवंत!"

त्याच्या पुढच्या निवडणुकीत शिव्या मागे पडून लाड आले. उमेदवारांना 'गेमोय' म्हणायची टूम निघाली, म्हणजे गोडुला, गुटगुटीत. नाचणारी कार्टून, हसरी तोंडं. यात काढण्यासारखं काहीच नव्हतं, आमचं काम हलकं झालं. रेत्नो मात्र आणखीच येरझाऱ्या घालायला लागली. "शिवी दिली की माणूस सावध तरी होतो. लाडात आल्यावर कसा होणार?" तिच्या भाषेत म्हणतात, जिभेला हाड नसतं. मी म्हटलं, अगं, आमच्याकडेही अगदी असंच म्हणतात. "मग तुमच्याकडेही तेच होत असणार," ती म्हणाली.

मग तिकडे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोस्टींचा लोंढा सुरू झाला. एका सकाळी रेत्नोने मला हाताला धरून तिच्या स्क्रीनपुढे नेलं. कुठल्याशा मुलीने लिहिलं होतं, की माझ्या दादाला संध्याकाळी नेलं, निळा शर्ट आहे, कोणी पाहिलं का? तेच तिने शेकडो ठिकाणी चिकटवलं होतं. मुलीने वापरलेला शब्द होता 'दिआमान्कान'. 'आमान' म्हणजे आपलं अमन. शब्दशः अर्थ, सुरक्षित ठेवलं. पोलीस पकडून नेतात तेव्हा सरकारी बातमीत हाच शब्द असतो आणि आता लोकांच्या तोंडीही तोच बसला आहे. पोस्टी आधी चाळणाऱ्या यंत्राने त्याचं भाषांतर केलं होतं, 'माझ्या भावाला सुरक्षित ठेवण्यात आलं आहे'. त्याचा निकाल: धोका काही नाही, वर मजकूर पुन्हा पुन्हा टाकलेला, म्हणून कचरा समजून काढून टाका.

रेत्नोने पोस्ट परत लावली. दुसऱ्या दिवशी तशाच चाळीस आल्या, त्याही परत लावल्या. आमच्या मार्गदर्शिकेत त्या शब्दापुढे 'सुरक्षित' असंच लिहिलेलं असल्यामुळे तिचा प्रत्येक निर्णय चूक धरला गेला. आठवड्याच्या शेवटी ब्रायनने लेखी ताकीद दिली. अशा तीन झाल्या की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर तिच्या मधुमेहाच्या औषधांचा विमाही.

"मार्गदर्शिका बदलायची तर अर्ज कर, फनू," ब्रायन म्हणाला. "दुसऱ्या एखाद्या भाषेच्या रिव्ह्यूअरची सही लागेल. तोपर्यंत प्लीज, नियम पाळ."

"तोपर्यंत तो मुलगा कुठे असेल?" रेत्नोने विचारलं. ब्रायनने अर्जाचा फॉर्म छापून तिच्या हातात दिला.

सहीसाठी ती माझ्याकडेच आली. मी इथे नवऱ्याच्या व्हिसावर. माझं वर्क परमिट रिन्यूअलला अडकलेलं. सही केली तर वरचं कोणी काय म्हणेल, अशी धाकधूक होती. मी म्हटलं, "बघते, म्बाक."

"हो, बघ," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या दुपारी पार्किंग लॉटमध्ये चालता चालता तिने मला जे सांगितलं, ते सहीसाठी नव्हतं. सही तिने पुन्हा मागितलीच नाही. तरुणपणी ती जकार्तात एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची. जुन्या राजवटीचे अखेरचे दिवस होते. एकदा दोन ओळींची बातमी आली, की अमुक कॉलेजचे विद्यार्थी दिआमान्कान. तिने तपासली, पुढे पाठवली. तीन दिवसांनी त्यातल्या एका मुलाच्या आई ते कात्रण घेऊन ऑफिसात आल्या. दुपारच्या जेवणाची वेळ, जागेवर फक्त रेत्नो.

"त्यांना अर्थ कळत नव्हता असं नाही, दिक. आमच्याकडे सगळ्यांना कळायचा. पण पेपरात 'सुरक्षित' छापलं होतं ना, तो एक शब्द त्यांनी धरून ठेवला होता. म्हणाल्या, सुरक्षित ठेवलंय म्हणता, मग जेवण घेऊन कुठे जाऊ, तेवढं सांगा."

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, बाई, मी फक्त शुद्धलेखन बघते." ती चालायची थांबली. एवढ्या वर्षांत ती बोलताना स्थिर उभी राहिलेली मी तेव्हाच पाहिली. "शुद्धलेखन बरोबर होतं."

मी घरी आले. सही करायची असं ठरवून झोपले आणि सकाळी पुन्हा व्हिसाची फाईल डोळ्यांसमोर आली. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अम्हारिक भाषा बघणाऱ्या सेलाम नावाच्या बाईंनी सही केली. त्यांना इंडोनेशियनचं अक्षर येत नव्हतं. अर्ज वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडेही असा एक शब्द आहे."

रेत्नोला दुसरी ताकीद मिळाली, तिसरी यायच्या आत मार्गदर्शिकेत एक ओळ बदलली: या शब्दाचा अर्थ 'पोलिसांनी ताब्यात घेतलं' असाही होतो, अशा पोस्टी काढू नयेत. त्याच सुमारास त्या मुलीने पुन्हा लिहिलं. दादा घरी आला. फोटोत फक्त पाठ दिसत होती, ताटावर वाकलेली. रेत्नोने तो मला दाखवला, चष्मा काढून पुसला आणि लगेच पुढची पोस्ट उघडली. बाकीच्या चाळीस घरांत कोण परत आलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. तेव्हा तिच्या फेऱ्या थांबतील असं मला वाटलं होतं. त्या वाढल्या.

पुढच्या तिमाहीत इंडोनेशियन डेस्क बंद झाला. तिच्या भांडणामुळे नव्हे. आणखी सहा भाषाही त्याच दिवशी गेल्या. आता यंत्राला पुरेसं येतं, असं सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी मी तिचं खोकं गाडीपर्यंत नेलं आणि इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "म्बाक, मी सही करायला हवी होती."

तिने डिकी उघडली, खोकं आत सरकवलं. "तू 'बघते' म्हणालीस. नाही म्हणायची इतकी सभ्य भाषा फक्त आम्हा जावाच्या लोकांकडेच आहे, असं मला वाटत होतं." आणि मला जवळ घेतलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

ती ईस्ट कोस्टला मावसबहिणीकडे गेली, परीक्षा दिली आणि इमिग्रेशन कोर्टात दुभाषी झाली. परवा दुपारी तिचा फोन आला. मागे लिफ्टचा आवाज, चालत्या माणसाचा श्वास. त्या सकाळची केस सांगत होती. ताब्यात घेतलेल्या एका इंडोनेशियन स्वयंपाक्याला दुसरीकडे हलवलं होतं आणि त्याची बायको कोर्टात आली होती. सरकारी वकील म्हणाले, त्यांची योग्य ठिकाणी व्यवस्था करण्यात आली आहे.

"दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं नसतं," रेत्नो म्हणाली. "पण वाक्य नीट कळलं नाही तर विचारता येतं. मी हात वर केला. न्यायाधीशांना म्हटलं, 'ठिकाण' या शब्दाचं भाषांतर मला जमत नाही. कुठलं ठिकाण?"

"मग?"

"मग त्यांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी कागद चाळले. दहा मिनिटं लागली. जागेचं नाव, पत्ता, भेटायची वेळ, सगळं निघालं. त्या बाईकडे कागद नव्हता, तिने तळहातावर लिहून घेतलं. मी तिला आकडे दोनदा सांगितले."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. ते जुळेपर्यंत ती म्हणाली, "चल दिक, पुढची केस पुकारतायत," आणि फोन ठेवला.