‘येतो मी’ म्हणणारा पत्र्या

अवकाशयानाच्या त्या सिनेमांमधला यंत्रमानव, पत्र्या, आपल्या भाषेत बोलायचा तो माझ्या धाकट्या भावाच्या आवाजात. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता पडद्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव येतं आणि लोकांची आठवण म्हणजे नुसती चाळणी. मी आठवी शिकलेला माणूस. ग्रिल, जिने, गेट, पत्र्याच्या शेड करतो. माझ्या हातचं गेट तीस वर्षं कुरकुरत नाही, कुणालाही विचारा. लिहिणं हे काही माझं काम नाही. पण माझ्या भावाबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलं तर चुकीचं लिहील.

घरात त्याला बारक्या म्हणतात. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी सतराचा. माझी शाळा सुटली ती सुटली, त्याची मी सुटू दिली नाही. मी वेल्डिंग करायचो आणि हा दुकानाच्या कोपऱ्यात बसून गोष्टीची पुस्तकं मोठ्यानं वाचायचा. राजाचा आवाज वेगळा, चोराचा वेगळा, म्हातारीचा वेगळा. गिऱ्हाइकं बाहेरून विचारायची, "आत माणसं किती आहेत हो?" मी म्हणायचो, "एकच आहे, पण जेवतो पाच जणांचं."

पुढे तो डबिंगच्या स्टुडिओत लागला, टायपिस्ट म्हणून. परदेशी सिनेमांचे संवाद आपल्या भाषेत लिहिणारे एक मास्तर होते, त्यांचं हस्ताक्षर फक्त बारक्याला लागायचं. एकदा मास्तर आजारी पडले आणि तेव्हाच यानाचा पहिला सिनेमा आला. लिहायला माणूस नाही. बारक्या म्हणाला, मी लिहितो. सत्तावीस वर्षांचं वय, पण छाती बघा! मूळ सिनेमात त्या यंत्रमानवाला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. बारक्या मला म्हणाला, "दादा, नंबरासाठी कोण रडेल?" मी तेव्हा पत्रा कापत होतो. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "पत्र्या!" म्हणजे नाव माझ्या दुकानातलं, हे लक्षात ठेवा. आवाज द्यायला ठरलेला माणूस ऐनवेळी आला नाही, तर तोही ह्यानंच दिला. दोन फुटी पाइप तोंडापुढे धरून बोलला, म्हणून तो घुमल्यासारखा आवाज. पाइपही माझाच.

आता ते वाक्य. सिनेमाच्या शेवटी यान फुटत असतं. आतली माणसं वाचवायची तर दार बाहेरून लावावं लागणार. पत्र्या बाहेर जातो, दार लावतो, आणि काळोखात वाहून जाताना मूळ भाषेत एवढंच म्हणतो की मी चाललो. पत्र्याला तोंड नाही. छातीवरचा दिवा जितक्या वेळा लुकलुकेल तितकी अक्षरं बसवायची, हा त्या कामाचा नियम. दिवा तीनदा लुकलुकतो. बारक्यानं कागदावर लिहिलं होतं, "जातो मी." बरोबर तीन.

आणि माइकपुढे तो बोलला, "येतो मी."

का? अहो, आमच्या आईमुळे. घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हटलं की आई हातातलं काम टाकून ओरडायची, "जातो काय जातो? येतो म्हण!" तुमच्याकडेही ओरडत असतीलच कोणीतरी. ‘जातो’ हा शब्द आमच्या जिभेवर दारात उभा राहून कधी आलाच नाही. पत्र्या दारातून निघाला आणि बारक्याच्या तोंडून ‘येतो’ निघून गेलं. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टनं दिवा मोजला, अक्षरं मोजली, तीनाला तीन, ओके म्हणाला. बारक्याला घरी जेवताना आठवलं. घास तसाच हातात.

"दादा, घोटाळा झाला," म्हणाला. "मेलेला माणूस येतो म्हणाला."

"मग परत रेकॉर्ड कर."

"प्रिंट गेली. कोणाला सांगू नकोस हं."

मी नाही सांगितलं. तेवीस वर्षं नाही सांगितलं. एवढं पोटात ठेवणारा माणूस दुसरा दाखवा.

सिनेमा लागला आणि थिएटरात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पत्र्या "येतो मी" म्हणाला आणि दिवा विझला. माणसं उठेचनात. माझ्या पुढच्या रांगेतला एक दांडगा माणूस रुमालात तोंड खुपसून रडत होता आणि त्याची बायको त्याला सांगत होती, "अहो, येतो म्हणालाय ना तो." बस्स. तिथून सुरू झालं. पत्र्या परत येणार! दुसऱ्या भागाला लोक सकाळी सहापासून दारात. पत्र्या आला नाही. तिसऱ्यात येईल म्हणाले. चौथ्यात तर नक्कीच म्हणाले. प्रत्येक भागाच्या पहिल्या खेळाला पोरंपोरी डोक्यावर पत्र्याची टोपडी घालून यायची आणि अंधार झाला की सगळे मिळून, "येतो! येतो!" सगळ्यात चांगली टोपडी माझ्या दुकानातली, कानाला कड लागत नसे.

सिनेमे मात्र तेच. तेच यान, तेच दार, तोच खलनायक, कधी दाढीत कधी बिनदाढीचा. पुढच्या पाच भागांत पाचदा त्या दाराची कडी निसटली. तसलं दार माझ्याकडून गेलं असतं तर मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवलं नसतं. बारक्या सगळ्या भागांचे संवाद लिहायचा आणि कुढायचा. एकदा म्हणाला, "दादा, पहिल्या वेळी त्या लोकांना भीती होती, चालेल की नाही. म्हणून काहीतरी नवीन सुचलं. आता भीती गेली, सुचणंही गेलं." मग हसला. "सहाही भागांत नवीन काय, तर माझी चूक."

सातवा भाग तेव्हा नुसता जाहीर झाला होता. आणि त्यात पत्र्या परत येणार होता.

बारक्या पन्नाशीचा, लग्न केलं नाही, केस गेलेले, पण ती बातमी आली त्या दिवशी माझ्या बायकोसमोर स्वयंपाकघरात पाइपातून बोलत फिरला. "वहिनी, आलो मी. वहिनी, भाजीत मीठ कमी आहे." ती हसून हसून ओट्याला टेकली. तेवीस वर्षं ह्या माणसानं एका चुकीचं ओझं वाहिलं होतं. आता पत्र्या खरोखर येणार म्हणजे चूक चूक राहणार नव्हती. लोकांना दिलेला शब्द पाळला जाणार होता, आणि तो ह्याच्याच आवाजात. त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. मला माहीत होतं. सगळ्यात जास्त मलाच माहीत होतं.

चाहत्यांच्या मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये मेळावा घेतला. तीनशे डोकी, सगळी टोपड्यांत. बारक्याला स्टेजवर खुर्ची, त्याच्या शेजारी मला, मोठा भाऊ म्हणून. मंडळाचा म्होरक्या एक चष्मेवाला, बँकेत कारकून, सहाही भागांचं पाठांतर झालेला. तो बोलायला उभा राहिला.

"मित्रांनो, काय ही दूरदृष्टी! त्या परदेशी लेखकानं तेवीस वर्षांपूर्वी, पहिल्याच भागात, ‘येतो मी’ लिहून ठेवलं. त्याला तेव्हाच सातवा भाग दिसत होता! आपल्याकडे आहे का एक तरी असा लेखक?"

टाळ्या. बारक्याही टाळ्या वाजवत होता, मान खाली घालून.

माझं डोकं सटकलं. माझ्या भावाची करणी, माझ्या आईचा शब्द, आणि श्रेय कुठल्या दूरदेशीच्या लेखकाला? मी उठलो. बारक्यानं माझा सदरा ओढला, "दादा, बस. दादा." मी झटकलं त्याला. माइक घेतला.

"ओ चष्मेवाले, कसली दूरदृष्टी! त्या लेखकानं ‘चाललो’ लिहिलंय. ‘येतो’ हे माझ्या भावाचं आहे. त्याच्या तोंडून निघालं. हा बसलाय तो लेखक! आहे का म्हणून विचारता ना? हा घ्या!"

मला वाटलं, छप्पर उडेल टाळ्यांनी.

एक टाळी नाही. मागच्या रांगेतली एक पोरगी उठून म्हणाली, "म्हणजे तो येतो म्हणालाच नव्हता?"

"मुळात नाही. पण—"

"मग आम्ही कशाची वाट बघत होतो, काका?"

चष्मेवाल्यानं मोबाइलवर मूळ सिनेमा लावला आणि फोन माइकपुढे धरला. परकी भाषा, पण तेवढं सगळ्यांना कळलं. चष्मेवाला बारक्याकडे वळला. आवाज अगदी हळू. "सर, हे मुद्दाम केलं होतंत की चुकून?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. मुद्दाम म्हटलं असतं तर डोक्यावर घेऊन नाचले असते. पण बारक्याला खोटं बोलता येत नाही, हा माझाच दोष, मीच वाढवलं. तो म्हणाला, "चुकून."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मग एक टोपडं स्टेजवर येऊन पडलं.

पुढे आठवडाभर त्याच्या मोबाइलवर काय काय आलं ते मी वाचलंय. फसव्या, टायपिस्ट, चुकोबा. त्याचं त्याला काही वाटलं नाही. एकच निरोप तो परत परत उघडायचा. कोण्या एका बाईचा. "माझी मुलगी हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मला पत्र्याचं वाक्य म्हणाली होती. मी त्यावर जगत आले. ते चुकून होतं का?" बारक्या चार दिवस उत्तर लिहीत बसला. लिहायचा, खोडायचा. सिनेमाभर संवाद लिहिणाऱ्या माणसाला त्या बाईसाठी चार ओळी सुचेनात. मी म्हटलं, "अरे, लिही की मुद्दाम होतं म्हणून." तर त्यानं लिहिलेलं तेवढंही खोडलं. उत्तर गेलंच नाही.

मग स्टुडिओतून फोन आला. सिनेमाच्या कंपनीपर्यंत बोभाटा गेला होता. ह्या वेळी सगळं मुळाबरहुकूम पाहिजे. लिहिणारा नवा, आवाज नवा. पत्र्या हे नावही काढलं, परत नंबर.

मी स्टुडिओत जाऊन साहेबाला भेटलो. मी कधी कुणापुढे हात जोडत नाही, तिथे जोडले. "साहेब, चूक माझी आहे. मी बोललो. त्याचा आवाज तरी ठेवा."

साहेब चांगला माणूस, त्यानं चहा मागवला. "दादा, तुमच्या भावासारखा आवाज नाही, मान्य. पण ते सगळे भाग तसेच चालतात कारण त्यात कुणी काही वेगळं करत नाही. तुमच्या भावानं केलं. चुकून का होईना, केलं."

चष्मेवाल्याच्या बँकेतही गेलो. म्हटलं, मी स्टेजवर खोटं बोललो असं सगळ्यांना सांग. तो शिक्का मारता मारता थांबला. "काका, मूळ सिनेमा मीच ऐकवला होता ना सगळ्यांसमोर? आता जाऊ द्या. सातव्याची तिकिटं काढलीत मंडळानं, तुम्हाला पाहिजे का?"

घेतलं मी तिकीट. पहिला खेळ. बारक्या आला नाही, मी एकटा गेलो. मनात होतं, लोक खवळतील, पत्र्याचा आवाज हा नाही म्हणून खुर्च्या मोडतील. तीच पोरं, तीच टोपडी. अंधार झाला. तो नंबरवाला यंत्रमानव धुरातून बाहेर आला आणि कुठल्याशा गुळगुळीत आवाजात बोलला. थिएटर असं काही ओरडलं की माझ्या कानठळ्या बसल्या. शेजारचा पोरगा आनंदानं माझ्या गळ्यात पडला. एकालाही, एकालाही फरक कळला नाही. पहिल्या भागातलं सगळं जसंच्या तसं पुन्हा दाखवलं, शेवटी पुन्हा दार, पुन्हा तो बाहेर. दिवा तीनदा लुकलुकला. नव्या आवाजानं म्हटलं, "जातो मी."

लोक उठले. कोणी पर्स शोधत होतं, कोणी गाडीची किल्ली. आठव्या भागात काय होईल त्याची चर्चा जिन्यातच सुरू झाली.

दुकानात आलो तर बारक्या माझ्या टेबलाशी बसला होता. हल्ली तो माझ्याकडेच बसतो, फोन घेतो, मापं लिहून ठेवतो. अक्षर सुंदर. माझ्यावर एकदाही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पाहिलास?" त्यानं विचारलं.

"पाहिला."

"लोक?"

"चुळबुळत होते. म्हणत होते, आवाज तो नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं. "शेवटी काय म्हणतो तो?"

मी आयुष्यभर मोठ्या तोंडानं बोललो. तेव्हा कानाला हात लावला आणि म्हटलं, "ऐकू नाही आलं रे. गोंगाट फार होता."

बारक्याला कळलं. कळणार नाही तर काय, आवाज ऐकूनच तो जगला. मग त्यानं पेन उचललं आणि विचारलं, "तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलची उंची चार फूट धरू की साडेचार?"

"साडेचार," मी म्हटलं.

त्यानं लिहून घेतलं.