कधीच न भरणारा खड्डा

पाण्याच्या प्रयोगशाळेत आक्का मदतनीस होती. काम काय, तर बाटल्या धुणं आणि साहेबांचा चहा. पण पायाखालचा चुनखडक तिला साहेबांपेक्षा जास्त कळायचा, हे पैजेवर सांगावं.

त्या वर्षी गावातली पोरं जुलाबानं हैराण झाली. नळाला ज्या झऱ्याचं पाणी येतं, त्यातच घाण सापडली. झऱ्याच्या वरच चढावर लाँड्री. झालं! सगळ्यांनी लाँड्रीवाल्याला धारेवर धरलं आणि साहेबांनी दुकान बंद करायची नोटीसही टाईप केली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"साहेब, तिथं खडकाचे थर उलट्या अंगाला कललेत," आक्का म्हणाली. "लाँड्रीचं पाणी झऱ्याकडे येणार नाही. पण डोंगर खचून पडलेली ती जुनी भेग आहे ना, तिच्यात चुनखडक विरघळून पोकळी झालीय. घाण तिथून येतेय, लांबून."

"लांबून म्हणजे कुठून?"

"आठ दिवस द्या, सांगते."

तिनं लाँड्रीच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात हिरवा रंग ओतला आणि झऱ्यावर ठाण मांडलं. तीन दिवस पाणी नितळच. मग ती भेगेच्या रेषेनं चालत सुटली. टेकडी ओलांडून रेषा उतरली ती थेट तिच्याच परसात, गोठ्यामागच्या खड्ड्यापाशी. गोठा धुतलेलं सगळं पाणी वर्षानुवर्षं त्यात जात होतं आणि खड्डा कधी भरत नव्हता. घरात त्याचं कौतुकच होतं!

दुसरी कुणी असती तर मूग गिळून बसली असती. हिनं उरलेला रंग सकाळी त्या खड्ड्यात ओतला. संध्याकाळी झरा पोपटी झाला.

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "अगं, दुधावर घर चालतं आपलं! तुला कुणी विचारलं होतं का?"

"हो. साहेबांनी विचारलं होतं, कुठून म्हणून."

अशी माणसं औषधालाही सापडत नाहीत.

आठव्या दिवशी तिनं हिरव्या पाण्याची बाटली साहेबांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी लाँड्रीची नोटीस फाडली आणि टाईपरायटरला नवा कागद लावला.

"आक्का, नोटिशीत नाव कुणाचं घालू?"

"माझं घाला साहेब. गोठा माझ्याच नावावर आहे."